आधी सव्वीस

तळघरात सर्व्हर ठेवू नका, असं मी लिहून दिलं होतं.
तो कागदही तळघरातच होता.

विश्वामित्री मंगळवारी रात्री आत आली,
न विचारता, जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत.
सोमाभाई वॉचमन म्हणाला, बेन, खाली उतरू नका,
पाण्यात काहीतरी लांबट हलतंय.
मगर असेल, नाहीतर यूपीएसची केबल.
आम्ही दोन्हींना घाबरलो.

वर दुसऱ्या मजल्यावर तेरा मशीन कोरडी,
गच्चीवर जनरेटर, डिझेल दुपारपर्यंतचं,
आणि समा, कारेलीबाग, फत्तेगंजहून
ट्रॅक्टरवर बसून निघालेली माणसं,
ज्यांचं रक्त सोमवारनंतर धुतलेलं नाही.
कुणाचं कोरडं वजन किती, कुणाला हेपारिन किती,
काविळीचं वेगळं मशीन कुणाकुणासाठी,
सगळं खाली, गढूळात.

डॉक्टर पागे म्हणाले, ढगानं बुडवलं, आता ढगच काढेल.
रात्रीपासून हा विनोद करणारे ते तिसरे.

मोबाईल पाण्याच्या टाकीवर, विटेला टेकवून.
तिथेच तेवढी दोन काड्या रेंज.
लॅपटॉप मांडीवर, डोक्यावर रेक्झिनचा तुकडा.
परवलीचा शब्द लखोट्यात, लखोटा ड्रॉवरमध्ये,
ड्रॉवर कुठे ते सांगायला नको.
मकरपुऱ्याला निंबाळकरकाकांना उठवलं,
निवृत्त होऊन चार वर्षं झालीत त्यांना.
थांब, म्हणाले, चष्मा.
मग म्हणाले, माझ्या जुन्या बजाजचा नंबर, उलटा,
आणि पुढे हिचं माहेर.
माहेर कुठलं, काका?
सोनगड.
आणि पोरी, अजून तोच शब्द चालवताय?

उघडलं.
सहाशे चाळीस जीबी.
सगळं परत आणायचं? पडद्यानं विचारलं,
आणि हिशेबही आपणच सांगितला:
शिल्लक वेळ, पंधरा दिवस.

रस्त्याच्या टोकाला ट्रॅक्टरचा आवाज.

मी ‘सगळं’वरची खूण काढली.
बिलं नंतर. विम्याची पत्रं नंतर.
दिवाळीच्या रांगोळ्यांचे फोटो नंतर.
रिकाम्या जिन्याचं तीन महिन्यांचं चित्रण
नाही आलं तरी चालेल.
रुग्ण, चालू, बुधवार, दोन्ही पाळ्या:
सव्वीस फाइली, अकरा एमबी,
बावीस सेकंद.

मी मोजले नाहीत. पडद्यानं सांगितले.

पण ढगात रविवार होता.
रविवारी रात्रीनंतर डॉक्टरांनी जे जे बदललं
ते वर कुणाला कळलंच नव्हतं.
हुसेनभाई मन्सुरींचं हेपारिन जुनंच,
ठसठशीत, एकही खाडाखोड नसलेलं.
कोकिळा सिस्टर म्हणाली, हे चूक आहे.
सोमवारी त्यांचं रक्त थांबेना,
अर्धा तास मीच दाबून बसले होते.
तिनं अंगठा दाखवला, जणू त्यावर अजून आकडा होता.

मग उतरणाऱ्या एकेकाला आम्ही दारातच विचारलं,
सोमवारी काय बदललं?
शालिनीताई मोहिते पदर पिळत म्हणाल्या,
बावन्न नाही हो, साडेएक्कावन्न.
आणि बटाटा बंद, तेही लिहा, नाहीतर मी विसरेन.
लिमयेमास्तरांनी सगळं तारखेसकट सांगितलं,
सोमवारी चहा दिला नव्हता, हेसुद्धा.
डॉक्टरांनी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि त्याच्यावर सोमवार उतरवून घेतला,
त्या त्यांच्या अक्षरात.

सात दहाला पहिलं मशीन फिरू लागलं.
मी गच्चीवर गेले. उरलेलं येत होतं,
पट्टी अजून हिरवी व्हायलाही तयार नव्हती.
तिला थांबवलं.
पुठ्ठ्याचा फोटो काढला, वर पाठवला.
सोमवार वर जायला चाळीस सेकंद लागले.
पुठ्ठा कोकिळानं औषधांच्या कपाटावर ठेवलाय,
पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर वजनकाट्याचं एक किलो.